जुन्या गाडीत नवे इंजिन : काम लोखंडाचे, तितकेच कागदाचे

समजा, पुंडलिकनगरातील एका नोकरदाराने आपली १९९७ सालची मारुती ८०० आपल्या गॅरेजसमोर आणून उभी केली. पत्रा शाबूत आहे, सीट जपून वापरलेल्या आहेत, काचा मूळच्याच आहेत. पण गाडी सुरू केली की मागून निळा धूर निघतो आणि गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंत जाताना दोनदा गिअर खाली घ्यावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतो, "उस्ताद, गाडी वडिलांची आहे, विकायची नाही. नव्या मॉडेलचे इंजिन टाकून द्या. भंगारात मिळते म्हणतात."

उस्तादाने काय उत्तर द्यावे?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेज, लेथ, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग आणि सुट्या भागांच्या व्यापारावर पेटते. हे शहरही यंत्रांचे आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि तीनचाकी गाड्यांची डिझेल इंजिने बनविणाऱ्या ग्रीव्हजचे नाव इथल्या कामगारांना नवे नाही. इंजिन उतरविणारे आणि चढविणारे हात येथे कमी नाहीत. परंतु हाताला येते म्हणून प्रत्येक काम घ्यावेच असे नाही. इंजिन बदलण्याच्या कामात अर्धे काम लोखंडाचे असते आणि अर्धे कागदाचे. पहिले अर्धे करून दुसरे सोडून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकालाही अडचणीत आणतो आणि स्वतःच्या दुकानालाही.

आधी रोग ओळखा

गिऱ्हाईक औषधाचे नाव घेऊन येतो. मिस्त्रीने आधी रोग पाहावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात आहे, हेड गॅस्केट पाहावे. तीन धुरांचे तीन उपचार आहेत आणि प्रत्येकाला नवे इंजिन लागत नाही.

प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता अधिक. गाडी ओढत नाही अशी तक्रार असेल तर क्लच घसरतो का, ब्रेक चाकाला चिकटून राहतात का, टायमिंग बरोबर आहे का आणि कार्बोरेटरमध्ये कचरा आहे का, हेही पाहावे. इंजिन गेले असे समजून आलेली गाडी कधी कधी क्लच प्लेट बदलून आणि कार्बोरेटर साफ करून परत जाते. अशा गाडीला दुसरे इंजिन चढविले तर मूळ दोष जागेवरच राहतो आणि बिल मात्र मोठे होते.

कारखान्यांनी हेच केले, पण कसे?

जुन्या बांध्यात नवे इंजिन बसविण्याची कल्पना भंगार बाजारातली नाही. आपल्या देशातील मोटार कंपन्यांनी ती मोठ्या प्रमाणावर राबविली. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली ११८ एनई ही गाडी काढली. तिचा बांधा फियाट १२४ चा, म्हणजे १९६० च्या दशकातील इटालियन गाडीचा होता आणि इंजिन निसान या जपानी कंपनीचे, ११७१ सीसीचे. नावातील ११८ हा आकडा १.१८ लिटरचा आणि एनई ही अक्षरे निसान इंजिनची. पुढे याच कंपनीने आपल्या पद्मिनीला डिझेल इंजिन बसवून १३७ डी बाजारात आणली. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसेडरचा बांधा १९५० च्या दशकातील मॉरिस ऑक्सफर्डचा. तिलाही १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन मिळाले.

यातून मिस्त्रीने घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला धडा असा की ११८ एनईत निसानच्या इंजिनाबरोबर निसानचाच गिअरबॉक्स होता आणि अँबेसेडरमध्ये इसुझूच्या इंजिनाबरोबर इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स आला. म्हणजे कारखान्यानेही एकटे इंजिन उचलून बसविले नाही, त्याची जोडी सोबत आणली. दुसरा धडा असा की नव्या इंजिनाची ती गाडी नवे मॉडेल म्हणून तपासली गेली, मंजूर झाली आणि कारखान्यातून निघतानाच तिच्या कागदावर त्या इंजिनाचे नाव होते. आपल्या गॅरेजमध्ये पहिला धडा पाळता येतो. दुसरा आपल्या हातात नसतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

एकाच गाडीची दोन इंजिने

आता आपल्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे येऊ. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षे एकच नाव चालले, पण बॉनेटखाली एकच इंजिन नव्हते. १९९७ च्या गाडीत एफ-८-बी हे इंजिन असते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सहा व्हॉल्व्ह, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर. ताकद साधारण ३७ अश्वशक्ती, गिअर चार. २००० साली प्रदूषणाचे 'भारत २०००' हे मानक लागू झाले आणि कार्बोरेटरचे दिवस सरले. एमपीएफआय आली. त्याच सुमारास ८०० च्या एका मॉडेलला आणि आल्टोला एफ-८-डी हे इंजिन मिळाले. सिलिंडर तीनच, सीसीही ७९६ च, पण व्हॉल्व्ह बारा, ताकद साधारण ४५ अश्वशक्ती आणि गिअर पाच. तीन सिलिंडरची सगळी एमपीएफआय इंजिने बारा व्हॉल्व्हची नसतात. त्यामुळे भंगारवाल्याच्या तोंडच्या शब्दावर न जाता इंजिनावरचा प्रकार आणि नंबर स्वतः वाचावा.

सीसी तीच आणि घराणे तेच, म्हणून गिऱ्हाइकाला वाटते की चार बोल्ट काढले आणि चार लावले की झाले. पण एमपीएफआय इंजिन एकटे येत नाही. त्याच्यासोबत पुढील सामान लागते.

त्या इंजिनाचा कॉम्प्युटर आणि संपूर्ण वायरिंग, तीही कापाकापी न केलेली. सगळे सेन्सर. नंतरच्या काही मॉडेलांत चावीची सांकेतिक खूण कॉम्प्युटरशी जुळविलेली असते, म्हणून त्याच गाडीची चावी. पेट्रोलचा विजेवरचा पंप आणि तो बसेल अशी टाकी. जास्त दाब सोसणारे पेट्रोलचे पाइप. ऑक्सिजन सेन्सरसह सायलेन्सरचा पुढचा भाग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. जोडीचा गिअरबॉक्स, क्लच, त्याला जुळणारे एक्सल आणि माउंटिंग. बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या चांगल्या तारा.

यात सर्वांत धोक्याची वस्तू पेट्रोलचा पाइप आहे. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावरचा छोटा पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल चढवितो. एमपीएफआयमध्ये तो दाब जवळजवळ दहापट असतो. वीसपंचवीस वर्षांचा जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप तेथे टिकत नाही. पाइप निसटला तर पेट्रोलचा फवारा गरम सायलेन्सरवर उडतो. पाचशे रुपये वाचविण्यासाठी जुना पाइप ठेवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांचा जीव धोक्यात घालतो.

दुसरी चूक वायरिंगची. कॉम्प्युटरची तार पिळून वर टेप गुंडाळणे म्हणजे पहिल्या पावसाळ्यात गाडी रस्त्यात बंद पाडण्याची व्यवस्था करणे होय. ज्याच्याकडे मल्टिमीटर नाही, स्कॅनर नाही आणि वायरिंगचा नकाशा वाचण्याची सवय नाही, त्याने हे काम हाती घेऊ नये.

मोठ्या इंजिनाचा मोह

काही तरुण गिऱ्हाईक याहून पुढे जातात. त्यांना ८०० मध्ये झेनचे ९९३ सीसीचे किंवा एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन हवे असते. कारागिरीच्या दृष्टीने हे अशक्य नाही, हौशी लोकांनी असे उद्योग केलेले आहेत. पण विचार करावा. ८०० चे वजन साधारण साडेसहाशे किलो आणि चाके १२ इंची. तिचे ब्रेक, स्टिअरिंग, शॉकअब्सॉर्बर आणि रेडिएटर साधारण ३७ अश्वशक्तीच्या हिशेबाने बनविलेले आहेत. एस्टीमच्या इंजिनात सुरुवातीपासूनच ६५ अश्वशक्ती होती.

वेग वाढला की थांबविण्याचे ओझे त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकला जे काम पडते, ते ८० च्या वेगाला सुमारे पावणेदोन पट होते. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला आणि काम तीन चतुर्थांशाहून अधिक वाढले. जालना रोडवर समोर रिक्षा अचानक वळली तर इंजिनाची ताकद कामी येत नाही, ब्रेक कामी येतात. पुढे वाढलेले वजन, पातळ पत्र्यावर पडणारा माउंटिंगचा ताण आणि लहान रेडिएटर हे प्रश्न वेगळेच. ज्या कामात इंजिनाबरोबर ब्रेक बदलण्याचा विषयच निघत नाही, ते काम अपूर्ण आहे असे समजावे.

कायदा काय म्हणतो

आता कागदाचे अर्धे काम पाहू. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर चासी नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन आणि उत्पादनाचे साल लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मुळात ठरविलेल्या आणि प्रमाणपत्रावर असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली.

इंजिन बदलण्याची वाट पूर्ण बंद आहे असे मात्र नाही. इंजिन निकामी झाल्यास त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन आरटीओची मंजुरी घेऊन बसविता येते. किमान १० परिवहन वाहने असलेल्या मालकाला राज्य सरकार अधिसूचनेने या मंजुरीतून सूट देऊ शकते. एका गाडीच्या मालकाने मात्र आधी मंजुरीच घ्यावी. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्रावर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो.

येथे आपल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न सुटतो, पण त्याला हवा तसा नाही. एफ-८-बी च्या जागी दुसरे एफ-८-बी हा 'त्याच मेकचे, त्याच प्रकारचे' या चौकटीतला बदल आहे. एफ-८-डी मेकने तेच असले तरी प्रकाराने वेगळे आहे. सीसी सारखी आहे म्हणून निरीक्षक ते मान्य करील, अशा भरवशावर राहू नये. झेन किंवा एस्टीमच्या इंजिनाला तर सीसीच बदलते.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्याला दात आले आहेत. कलम १८२ ए प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. याच कलमात गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

दंडापेक्षा मोठा तोटा दुसरीकडे होतो. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या पाहणी अधिकाऱ्याला इंजिन नंबर जुळला नाही, तर दावा अडकतो. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. त्या तपासणीतही नंबर पाहिला जातो. १९९७ च्या गाडीला तर ही तपासणी चुकतच नाही. म्हणजे गाडी वडिलांची आठवण म्हणून ठेवायची आणि इंजिनापायी तिची नोंदणीच घालवायची, असा उलटा प्रकार होतो.

इंधन बदलण्यासाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालविण्यासाठी मंजूर संच बसविता येतो. मोटारीवरची विद्युत संच बसविण्याचे नियम २०१६ मध्ये निघाले. संचाला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मंजुरी लागते, तो अधिकृत ठिकाणी बसवावा लागतो आणि त्याची नोंद प्रमाणपत्रावर घ्यावी लागते. जुन्या गाडीला नवी शक्ती देण्याचा कागदासहित मार्ग पुढच्या काळात बहुधा याच बाजूने जाईल. तरुण कारागिरांनी तिकडे लक्ष ठेवावे.

इंजिन आले कोठून?

भंगारातून घेतलेल्या इंजिनाची पावती नसेल तर ते इंजिन स्वस्त असले तरी महाग आहे. चोरीच्या गाडीचे सुटे भाग बाजारात येतात, हे व्यापाऱ्यांपासून लपलेले नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४११ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करण्यासाठी हातात कागद लागतो.

म्हणून इंजिन घेताना चार गोष्टी कराव्यात. विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि इंजिन नंबर असलेली पावती घ्यावी. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ती मोडीत काढल्याचा कागद मागावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात मोडलेल्या गाडीचा असा कागद तयार होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत तो इंजिन नंबर चोरीच्या यादीत आहे का, ते तपासावे. आणि ज्या इंजिनाचा नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसतो, त्याला हातच लावू नये. दर कितीही कमी असो.

हिशेब मांडून पाहा

"नवे इंजिन टाकले की पेट्रोल वाचेल," असे गिऱ्हाईक म्हणतो. त्याला पाटीवर हिशेब करून दाखवावा. समजा गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालते. आज लिटरला १४ किलोमीटर देते आणि नव्या इंजिनाने १७ देईल. आज सुमारे ७१.४ लिटर लागतात, मग ५८.८ लागतील. बचत झाली १२.६ लिटरची. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला सुमारे १३२३ रुपये वाचतात. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, टाकी, पाइप आणि मजुरी मिळून समजा ६०,००० रुपये झाले, तर ते वसूल व्हायला ४५ महिने लागतात. म्हणजे पावणेचार वर्षे, आणि त्या काळात एकदाही आरटीओची किंवा विम्याची अडचण आली नाही असे धरून.

आता दुसरी बाजू पाहा. तेच इंजिन खोलून लेथवर बोअरिंग करणे, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, ऑईल सील, हेड गॅस्केट आणि कार्बोरेटरची दुरुस्ती. इंजिन नंबर तोच राहतो, म्हणून आरटीओत जावे लागत नाही. निळा धूर थांबतो आणि मायलेजही बरेचसे परत येते. हे काम लेथवाल्याला, सुटे भाग विकणाऱ्याला आणि मिस्त्रीला, तिघांनाही रोजी देते. ब्लॉक फुटला असेल किंवा बोअरिंगची मर्यादा संपली असेल, तरच कागदपत्रांसह त्याच प्रकारचे दुसरे इंजिन, हा क्रम योग्य.

गिऱ्हाइकाला काय सांगावे

आपल्याकडे उस्तादाचा शब्द हाच करार मानला जातो. ही परंपरा चांगली आहे, पण इंजिनासारख्या कामात शब्दाला कागदाची जोड द्यावी. गाडी आली की जॉब कार्ड लिहावे. आलेल्या इंजिनाचा नंबर, किलोमीटर, सापडलेला दोष, ठरलेले काम आणि रक्कम त्यात असावी. जुन्या आणि नव्या इंजिन नंबरचा फोटो ठेवावा. उतरविलेले जुने इंजिन गिऱ्हाइकाचे असते. ते परत द्यावे किंवा त्याची किंमत बिलात वजा करावी. आरटीओची मंजुरी हाती आल्यावरच दुसरे इंजिन चढवावे, आणि प्रमाणपत्रावर नवा नंबर आल्याशिवाय काम पूर्ण झाले असे लिहू नये.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मालातील दोष लपवून विकू नये, हा आपल्या व्यापाराचा पहिला धडा लहानपणीच कानावर पडलेला असतो. बदललेले आणि नोंद नसलेले इंजिन हा असाच दोष आहे. तो पॉलिशखाली दिसत नाही, म्हणून तोंडाने सांगण्याची जबाबदारी मोठी.

शागीर्दांनाही आता पाना-पेचकसावर थांबून चालणार नाही. शासकीय आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. घरातल्या एका मुलाने तरी तो करावा. वडिलांच्या हातचा अंदाज आणि मुलाच्या हातचा स्कॅनर एका दुकानात आले, तर ते गॅरेज कोणत्याही मोठ्या शोरूमसमोर टिकेल.

राहिला पुंडलिकनगरचा तो गिऱ्हाईक. उस्तादाने कॉम्प्रेशन मोजले, रिंगा गेल्या आहेत हे दाखविले आणि दोन्ही हिशेब समोर ठेवले. त्याने म्हणावे, "साहेब, तुम्ही सांगता ते इंजिन मला बसविता येते. पण ज्या कागदावर तुमच्या वडिलांचे नाव होते, तो कागद त्याने खोटा पडेल. हेच इंजिन बोअर करून देतो." कदाचित गिऱ्हाईक नाराज होऊन पुढच्या गॅरेजकडे जाईल. कदाचित तेथे कोणी त्याचे काम करूनही देईल. परंतु पुढच्या फेरनोंदणीच्या वेळी, निरीक्षक बॉनेट उघडून नंबर वाचू लागेल तेव्हा, त्याला पहिल्या उस्तादाचे बोलणे आठवल्याशिवाय राहणार नाही.